ढग पळवणारी विमानं

जुलै कोरडा गेला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. "हे इमानं ढग पळवू राह्यलेत." पारावर, कृषी सेवा केंद्रात, पिंपळगावच्या बाजार समितीत, कुठेही. कोणी म्हणतं वरून औषध मारतात. कोणी म्हणतं बड्या बागायतदारांनी वर्गणी काढून विमान बोलावलं. खेड्यातले लोक म्हणून शहरातली माणसं यावर हसतात. मला हसू येत नाही, कारण या संशयाला जागा सरकारनंच करून दिली आहे. २००३ च्या दुष्काळात, मग २०१५ मध्ये आणि परत २०१९ मध्ये महाराष्ट्रात कृत्रिम पावसासाठी खरोखरच विमानं उडवली गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, आमदारांची भाषणं झाली. विमान ढगात शिरून पाऊस पाडू शकतं हे एकदा सरकारी तोंडानं सांगितल्यावर, ते पाऊस पळवूही शकत असेल असं शेतकऱ्याला वाटलं, तर त्यात खुळेपणा कसला?

प्रत्यक्षात त्या विमानांची ताकद बेताचीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या पर्जन्यछायेत नेटका प्रयोग केला. योग्य ढग निवडून, योग्य वेळी बीजारोपण केलं, म्हणजे ढगात क्षाराचे बारीक कण सोडले, तर ठरावीक क्षेत्रात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पण मुळात ढग हवा. नसलेला ढग आणता येत नाही आणि भरून आलेला हाकलून लावता येत नाही. गडगडाटी ढग कधीकधी १५ किलोमीटर उंच चढतो, आणि प्रवासी विमानाचा वैमानिक त्याच्यापासून ३५-४० किलोमीटर अंतर राखून वाट काढतो. ढगाला विमानाची नाही, विमानालाच ढगाची भीती.

तर आरोप खोटा. आरोपी मात्र निर्दोष नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं. विमानात कधी बसले नाहीत, पण विमानांकडे त्यांचं बारीक लक्ष असतं, कारण त्यांचं सगळं आयुष्यच आभाळाकडे बघण्यात गेलं. ऑक्टोबर छाटणीनंतर रोज सकाळी पहिली नजर वर. ढगाळ वाटलं तर डावणीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची धास्ती आणि फवारणीचा ब्लोअर बाहेर. मण्यांत पाणी उतरत असताना निरभ्र, कडक गारठा पडला तर मणी तडकायची धास्ती. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर घसरला की टीव्हीवाल्यांना बातमी होते; मामांना तेव्हा पहाटे तीनला उठून बागेच्या कडेनं शेकोट्या पेटवाव्या लागतात, ठिबक चालू करावं लागतं.

या जागरणांनी त्यांना हवामानाचा एक नियम शिकवला आहे. आभाळ मोकळं असेल ती रात्र गार, आभाळ झाकलेलं असेल ती रात्र उबदार. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर फेकते. वर काही नसलं की ती सरळ निघून जाते. ढग असले की ते ती शोषतात आणि तिच्यातला काही भाग परत खाली सोडतात. संध्याकाळी पातळसं आभाळ आलं की मामा म्हणतात, "आज झोपा निवांत, आज काय पडत नाही." गारठा पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या आभाळात विमानानं ओढलेली पांढरी रेघ घाला. विमानाचा हवामानावरचा अर्धाअधिक परिणाम तिथेच कळतो.

ती रेघ धुराची नसते. विमानाचं इंधन म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच. ते एक किलो जळलं की हवेतला प्राणवायू मिसळून साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ होते आणि तीन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. दहा-बारा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे ४० अंशांच्या खाली असते. गरम, ओली हवा त्या गारठ्यात मिसळली की वाफ काजळीच्या कणांना धरून थिजते आणि हिमकणांची रेघ तयार होते. ती कधी उमटेल, याचं गणित जर्मनीत श्मिट यांनी १९४१ मध्ये मांडलं आणि अमेरिकेत ॲपलमन यांनी १९५३ मध्ये ते पुढे नेलं. सुरुवात झाली ते युद्धाचे दिवस होते. रेघ उमटली की शत्रूला विमान दिसायचं, म्हणून हा अभ्यास. हवामानाची चिंता तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती.

नाशिकच्या आकाशात या रेघा युरोपाइतक्या गर्दीनं दिसत नाहीत. आपण उष्ण कटिबंधात. इथे तेवढा गारठा गाठायला आणखी वर जावं लागतं, त्यामुळे बऱ्याच विमानांच्या मागे काही उमटतच नाही, किंवा शेपटीएवढं उमटून लगेच विरून जातं. पण हिवाळ्यात काही दिवस असे येतात की आखाताकडून पूर्वेला निघालेलं विमान दिसेनासं झालं तरी रेघ राहते. रुंदावते. तासाभरात तिचा पिंजलेला पट्टा होतो आणि मग तो विमानाचा की मुळातच आलेल्या ढगाचा, हे सांगता येत नाही.

मामांचं यावर एक निरीक्षण आहे. "रेघ मिटली नाही की दोन दिवसांत आभाळ येतंच." म्हणून त्यांचाही थोडा संशय विमानावर. मी यावर बरीच डोकेफोड केली आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचं निरीक्षण चोख आहे, फक्त कारण उलटं लागलं आहे. रेघ टिकते तीच मुळी वरच्या हवेत बाष्प ठासून भरलेलं असतं तेव्हा. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे ढगाळ हवेचे पट्टे, हे बाष्प पुढे धाडतात आणि खालचं आभाळ त्यांच्या मागून येतं. म्हणजे टिकलेली रेघ येणाऱ्या हवेची वर्दी देते, तिला आणत नाही. मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे दोन दिवस तर बरोबरच ना?" बरोबरच.

टिकलेली रेघ काय करते हा पुढचा प्रश्न. दिवसा ती दोन्ही कामं करते: थोडं ऊन परतवते आणि जमिनीची थोडी उष्णता अडवते. रात्री परतवायला ऊन नसतं, तेव्हा नुसतंच अडवणं. जमाखर्च मांडला तर एकूण परिणाम तापवण्याकडे झुकतो. इंग्लंडच्या आग्नेय भागावरच्या एका अभ्यासात रात्रीची उड्डाणं एकूण उड्डाणांच्या चौथाईच भरली, पण रेघांमुळे होणाऱ्या तापण्यातला ६० ते ८० टक्के वाटा त्यांचा निघाला. आपल्याकडे मुंबईहून युरोपला जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, हे इथे सहज आठवतं.

विमानं थांबली तर हवामानात फरक दिसतो का, हे पाहायची वेळ जगावर दोनदा आली. पहिली वेळ सप्टेंबर २००१ ची. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर अमेरिकेचं आकाश तीन दिवस प्रवासी विमानांविना होतं. त्या तीन दिवसांत दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानातली तफावत नेहमीपेक्षा सुमारे एक अंशानं वाढली, असा शोधनिबंध पुढच्या वर्षी आला आणि गाजला. मग इतर संशोधकांनी तपासून सांगितलं की त्या दिवसांत तिथली हवा तशीही कोरडी आणि निरभ्र होती, एवढा फरक आपोआपही पडू शकतो. वाद तिथेच राहिला. समाजमाध्यमांवर मात्र पहिला अर्धा भागच फिरतो. तो वाचला की मला त्या पारावरच्या मंडळींची बाजू घ्यावीशी वाटते. ते निदान पदवीचा तोरा मिरवत नाहीत.

दुसरी वेळ २०२० ची. २५ मार्च ते २५ मे देशांतर्गत प्रवासी विमानं जमिनीवर होती. आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता, बाजार बंद, मजूर नाहीत. घड बागेतच लटकले आणि कित्येकांनी मिळेल तसा बेदाणा करून टाकला. आकाश मात्र निळंशार. जगभरची विमानं एवढी कमी झाली, तरी २०२० हे वर्ष आजवरच्या सर्वांत उष्ण वर्षांमध्ये गेलं. रेघ काही तासांत विरते. कार्बन डायऑक्साइड शतकं राहतो. मामांच्या जन्माआधी उडालेल्या विमानांनी सोडलेल्यातला काही भाग आजही वर आहे. दोन महिने नळ बंद केला म्हणून भरलेली टाकी रिकामी होत नाही.

त्याच काळातली एक गंमत फारशी कोणाला माहीत नाही. प्रवासी विमानं उडता उडता तापमान आणि वारा मोजून हवामान खात्यांना पाठवत असतात, आणि अंदाज वर्तवायला ही मोजमापं फार उपयोगी पडतात. २०२० च्या त्या महिन्यांत जगभरातून येणारी अशी माहिती ७५ ते ८० टक्क्यांनी घटली, तेव्हा जागतिक हवामान संघटनेला काळजी जाहीर करावी लागली. मामा फवारणीच्या आधी मोबाइलवर जो अंदाज बघतात, त्यात विमानांचाही हातभार आहे.

सगळं मिळून विमानांचा दोष किती? २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार माणसांच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे अडीच टक्के विमानांचा, आणि माणसांनी केलेल्या एकूण तापण्यातला त्यांचा वाटा साधारण साडेतीन टक्के. त्या वाट्याचे तीन भाग केले तर कार्बन डायऑक्साइडचा एकच भाग. बाकीचे दोन रेघांचे, त्यांतून पसरणाऱ्या ढगांचे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे तयार होणाऱ्या ओझोनचे. रेघांच्या आकड्यात अजून बरीच अनिश्चितता आहे, हे तोच अभ्यास सांगतो.

अडीच टक्के हा आकडा विमानवाल्यांचा लाडका. एवढंच तर आहे, असं ते म्हणतात. मला तो आकडा वाचताना मामा आठवतात. कारण हा वाटा सगळ्या माणसांचा नाहीच. २०१८ मध्ये जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि व्यावसायिक उड्डाणांच्या निम्म्या कार्बनला लोकसंख्येतला एक टक्का कारणीभूत होता, असा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. ज्यांच्या बागेवर गारा पडतात ते बहुतेक उरलेल्या ८९ टक्क्यांतले.

मार्च २०१४ ची गारपीट नाशिक जिल्हा विसरलेला नाही. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात निफाड तालुक्यात पुन्हा तसंच झालं, मामांच्या शेजारची बाग पानांसकट झोडपली गेली. यातली एकही गार अमुक विमानामुळे पडली असं कोणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. एवढं मात्र म्हणता येतं: हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापतो आहे, त्यातली चक्रीवादळं वाढली आहेत. जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि रात्रीपर्यंत त्याचं उरलंसुरलं अंग नाशिकवर कोसळत होतं. या तापण्यात कोळसा, डिझेल, सिमेंट यांचा वाटा मोठा, विमानांचा छोटा. छोटा, पण वाढता.

आणि तापलेली हवा विमानांनाही सोडत नाही. गरम हवा विरळ, पंखांना उचल कमी. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्सला पारा ४८ अंशांच्या आसपास गेला तेव्हा छोटी विमानं उडवणंच रद्द करावं लागलं. उत्तर अटलांटिकवर निरभ्र हवेत बसणारे तीव्र हादरे १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढले, असं ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं आहे.

आमच्या घरातला विरोधाभास असा. मामांची द्राक्षं बोटीनं जातात, मामांचा नातू विमानानं. न्हावाशेव्याहून शीतकंटेनर निघतो तो तीन-साडेतीन आठवड्यांनी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला लागतो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, तर आणखी दहा-बारा दिवस. मामांचा जीव टांगणीला, घडाच्या काड्या हिरव्या राहतील का म्हणून. तरी बोटच बरी. तोच माल विमानानं पाठवला तर कार्बन साधारण पन्नास पट. नातू त्याच देशात शिकतो. मुंबईहून रात्री निघून सकाळी पोचतो. त्याच्या एका जाण्या-येण्याचा वाटा साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड, आणि सरासरी भारतीय माणसाचं वर्षाचं सगळं मिळून दोन टनांच्या आसपास. मी हे त्याला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मग बोटीनं येऊ का, द्राक्षांबरोबर?" त्याला येऊ नको म्हणणारी मी कोण? दिवाळीला तो घरी हवा, हे आजीइतकंच मलाही वाटतं.

पण जिथे गरज नाही तिथे माझा राग जातो. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या 'उडान' योजनेत नाशिकजवळच्या ओझरहून मुंबईला विमान सुरू झालं तेव्हा शहराला केवढा आनंद! विमान चढण्यातच सर्वांत जास्त इंधन पितं, आणि जेमतेम वर पोचेपर्यंत उतरायची वेळ. शिवाय ओझर गाठा, तासभर आधी जा, तिकडे उतरून सांताक्रूझच्या गर्दीत अडका. १९७५ पासून पंचवटी एक्स्प्रेस आहे, २०२३ पासून वंदे भारत आहे, आता समृद्धी महामार्गही थेट ठाण्याच्या वेशीपर्यंत गेला. ती विमानसेवा टिकली नाही, याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. दिल्ली, बंगळुरूची गोष्ट वेगळी. तिथे माणसं कामाला जातात, आणि रेल्वेचं तिकीट मिळवणं हे स्वतंत्र काम आहे. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, आताशा तिथून तेजसही उडू लागलं. त्यांचं इंधन कोणाच्या हिशेबात बसतं, तो विषय वेगळा आणि अवघड.

उपायांत सध्या ज्याचा गाजावाजा आहे ते म्हणजे शाश्वत विमान इंधन, खनिज तेलाऐवजी पिकं, टाकाऊ तेल अशांपासून केलेलं. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी कच्च्या मालापासून केलेलं असं इंधन मिसळलं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के, असं आपलं उद्दिष्ट आहे. त्यात काजळी कमी असल्यानं रेघाही विरळ होतात, चाचण्यांत हिमकण निम्म्यावर आलेले दिसले आहेत. हे चांगलंच. पण कच्चा माल कोणता म्हटलं की गाडी इथेनॉलवरून उसावर येते आणि मी सावध होते. गंगापूर-दारणा धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावरून दर दुष्काळात इथे न्यायालयापर्यंत भांडण जातं. त्या पाण्यावर वाढलेला ऊस विमानाला पाजायचा असेल, तर पाणी आधी मोजावं लागेल.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही. सगळी विमानं सारखी दोषी नसतात. जपानवरच्या आकाशाचा अभ्यास झाला तेव्हा रेघांमुळे होणाऱ्या तापण्यातला ८० टक्के भाग फक्त २.२ टक्के उड्डाणांचा निघाला. जिथे हवेत बाष्प ठासून आहे तेवढा थर टाळला, विमान दोन-चार हजार फूट खाली-वर नेलं, की पुष्कळ काम होतं. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांवर हे करून पाहिलं, तर रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. इंधन थोडं जास्त लागलं. आणि युरोपीय संघानं जानेवारी २०२५ पासून विमान कंपन्यांना कार्बनशिवायच्या या परिणामांचीही नोंद ठेवायला सांगितलं आहे. सुरुवात युरोपातल्या-युरोपातल्या उड्डाणांपासून.

हे मी मामांना मागच्या हंगामात, पॅकहाउसच्या ओट्यावर बसून सांगितलं. बाकीचं त्यांनी ऐकून घेतलं, पण शेवटच्या वाक्याला एकदम खुलले. २०१० मध्ये एका संजीवकाच्या, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या, अंशावरून युरोपनं इथल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले होते, तेव्हा पुष्कळ बागायतदार हादरले. तेव्हापासून मामांची फवारणीची वही कडेकोट. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस राहिले.

"म्हंजे त्यांनी इमानालाबी वही लावली म्हण."

"लावली. अजून सगळ्यांना नाही."

"आपल्या पोराचं इमान?"

"ते बाहेरून जाणारं, मामा. सध्या नाही त्यात."

त्यांनी टोपी सारखी केली. "बघ की. माझ्या द्राक्षाला वही, त्याच्या इमानाला नाही. अन् दोन्ही उतरणार एकाच देशात."

ट्रॅक्टर आला तसे ते क्रेट मोजायला उठले.